पोचल्यावरचा पहिला अर्धा तास : रतनगड ते हरिश्चंद्रगड

पहिला दिवस : रतनवाडी ते रतनगडाची गुहा

डिसेंबरचा दुसरा आठवडा. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालेली जीप नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. १९२६ साली पुरं झालेल्या या धरणाचं पाणी थेट रतनगडाच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं आहे आणि रतनवाडीचा रस्ता त्या पाण्याला वळसा घालत जातो. अमृतेश्वराच्या देवळापाशी सॅक उतरवल्या, दर्शन घेतलं. देवळाबाहेरची पुष्करिणी आणि गाभाऱ्याच्या भिंतीवरचं कोरीव काम बघण्यात कसा वेळ गेला कळलं नाही. चढायला लागलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पहिली चूक इथेच झाली.

आम्ही पाच जण. मी, बायको, माझ्या बहिणीची दोन मुलं आणि अण्णा. भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, भाची नुकतीच बारावी झालेली. अण्णा आमच्या नात्यातले नाहीत, पण मी सह्याद्रीत चालायला शिकलो ते त्यांचं बोट धरून. आता वय सहासष्ट, उजवा गुडघा कुरकुरतो, तरी पाठीवरचं ओझं कुणाला देत नाहीत. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा तीन मुक्कामांचा बेत त्यांचाच.

रतनवाडीहून वाट प्रवरेच्या ओढ्याकाठानं जाते. ही नदी याच डोंगरात उगम पावते. जंगल दाट आहे, भर दुपारी सावलीतून चालता येतं. निम्म्याहून जास्त चढल्यावर एक फाटा लागतो : एक वाट शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. उद्या इथेच परत यायचं होतं. शिड्यांपाशी माकडांची टोळी बसलेली. रतनगडाची माकडं हातातली पिशवी हिसकावतात, म्हणून खाण्याचं सगळं सॅकच्या आत, आणि शिडीवर एका वेळी एकच माणूस. गणेश दरवाजातून वर येऊन उजवीकडे वळलो. रत्नादेवीची छोटी गुहा, तिच्यापुढे मुक्कामाची मोठी गुहा. पावणेपाच वाजले होते.

आता जे झालं ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या तीन दिवसांचा धागा तिथूनच सुरू होतो.

गुहेच्या तोंडाशी सॅक टाकल्या आणि सगळे बसलो. बसलो की उठवत नाही हे मला तीस वर्षं माहीत आहे. मीच म्हणालो, आधी चहा टाकू. उरलेलं पाणी दोन लिटर होतं, त्यातलं लिटरभर चहात गेलं. चहा होईपर्यंत सव्वापाच झाले आणि भाचीनं विचारलं, "मामा, नेढ्यातून सूर्यास्त दिसेल ना?" नेढं म्हणजे गडाच्या माथ्यावरच्या कड्याला आरपार पडलेलं भोक. तिथे बसलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दूर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, आणि दुसऱ्या अंगाला कोकण. दिसेल तर काय, धावतच निघालो. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "पाण्याचं काय?"

"आल्यावर आणू."

गुडघ्यामुळे अण्णा मागेच थांबले. गुहेत सामान असताना माकडांमुळे कुणीतरी थांबणं भागही होतं. टाक्यावर एकट्यानं जायचं नाही हा त्यांचाच नियम, म्हणून पाणी तसंच राहिलं.

नेढ्यातला तो सूर्यास्त मी विसरणार नाही. पण सहाच्या आधीच सूर्य गेला, आणि आपल्याकडे सूर्य गेला की अंधार पडायला पंचवीस मिनिटं पुरतात. हेडटॉर्च कुणाकडेच नव्हता. तीन सॅकच्या तळाशी होते आणि चौथा बायकोच्या कपड्यांच्या पिशवीत. मोबाइलच्या उजेडात उतरलो. गुहेत आलो तेव्हा सात वाजत आले होते, चढताना भिजलेले बनियन पाठीला थंडगार चिकटलेले आणि प्यायला पाच जणांत लिटरभर पाणी.

मी आणि भाचा टॉर्च घेऊन टाक्याकडे गेलो. कातळात खोदलेल्या टाक्याचा काठ दिवसा काहीच वाटत नाही. रात्री टॉर्चचा झोत पाण्यावर पडला की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही, तळ दिसत नाही, शेवाळ आणि ओला दगड सारखेच चकाकतात. वाकून पातेलं बुडवताना भाच्याचा पाय सरकला. टाक्यातल्या पायरीवर तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि मी त्याचा दंड धरला. पुढे किती खोल होतं ते मला माहीत नव्हतं. बहिणीचा मुलगा. हात कितीतरी वेळ थरथरत होते. पातेल्याचं झाकण गेलं, बूट भिजला, पण पाणी घेऊन आलो.

ते पाणी गाळून, चांगलं उकळी फुटेपर्यंत उकळून वापरलं. सकाळी उजेडात पाहिलं तर आम्ही भरलेल्या टाक्यावर हिरवी साय होती आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या टाक्यातलं पाणी नितळ होतं. टॉर्चच्या उजेडात पाण्याचा रंग कळत नाही.

रात्री खिचडी खाताना अण्णा रागावले नाहीत. मुलांना म्हणाले, "आपण आल्यापासून जी जी कामं केली ती आठवा. त्यातलं अंधारात काय करता आलं असतं?" भाचीनं बोटांवर मोजलं : कांदा चिरणं, भात टाकणं, चहा, अंथरूण घालणं, कपडे बदलणं, गप्पा. "आणि काय नसतं आलं?" पाणी. जागा झाडून दगडाखाली विंचू आहे का ते बघणं. शौचाला कुठे जायचं ते ठरवणं, म्हणजे पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, उताराच्या खालच्या अंगाला. टॉर्च शोधणं, कारण टॉर्च शोधायला टॉर्च लागतो.

"मग आधी कुठली?" अण्णांनी विचारलं. भाची म्हणाली, "जी अर्ध्या तासानं करता येणार नाहीत ती."

अण्णांनी मान हलवली आणि ताट घासायला घेतलं.

दुसरा दिवस : कात्राबाईची खिंड आणि कुमशेत

सकाळी शिड्या उतरून फाट्याशी आलो आणि खिंडीची वाट धरली. अडीच-तीन तासांची खडी चढण. कारवीच्या रानातून वाट घुसते, मधूनच कड्याच्या कडेला येते आणि अग्निबाण सुळका असा समोर उभा राहतो की बोलणं थांबतं. खिंडीत देवीला नमस्कार केला, दोन घोट पाणी, गूळ-शेंगदाणे, आणि पलीकडे उतरायला लागलो. त्या बाजूला आजोबाचा डोंगर दिसतो आणि खाली कुमशेतच्या वाड्या.

साडेतीनलाच गावात होतो. उजेड भरपूर. कालचा धडा डोक्यात ताजा, म्हणून भाचा लगेच कामाला लागला. गावाशेजारी भाताचं कापणी झालेलं खाचर होतं, सपाट, बांधानं वाऱ्याला अडवलेलं, जागा म्हणून अगदी उत्तम. त्यानं तंबूची पिशवी उघडली आणि काठ्या जोडायला घेतल्या. बांधावरून एक म्हातारे आजोबा आले.

"तिथं नका लावू. हरभरा टाकलाय त्यात."

अजून अंकुर वर आले नव्हते. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हरभरा, मसूर, वाल घेतात हे मला ठाऊक होतं, तरी मी पाहिलं नाही. भाच्याला इतकं वाईट वाटलं की तो आजोबांच्या पाया पडला. आजोबांनी शाळेपुढचं पटांगण दाखवलं आणि म्हणाले, आधी विचारलं असतं तर घरातच झोपवलं असतं.

हे मला मनापासून लिहायचं आहे. ट्रेकची पुस्तकं आणि याद्या मुक्कामाच्या कामांत जागा, पाणी, निवारा, चूल असं सांगतात. आपल्याकडे सह्याद्रीत जवळजवळ प्रत्येक सपाट तुकडा कुणाचा तरी आहे. त्या भागातली महादेव कोळी आणि ठाकर माणसं पिढ्यान् पिढ्या तिथं राहतात, त्यांची गुरं त्या वाटांनी जातात, त्यांचा झरा आपण 'पाण्याची जागा' म्हणून नकाशात टिपतो. म्हणून गावात किंवा गावाजवळ पोचलं की पहिलं काम सॅक उतरवून एखाद्या घरासमोर उभं राहणं आणि विचारणं. त्याला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर जागा, पाणी, जळण, वाट, उद्याचं आभाळ, सगळं एकाच बोलण्यात कळतं.

पाण्याचंही तसंच. विहिरीवर चार वाजल्यापासून गावातल्या बायकांची रांग होती. कालच्या हिशोबानं आधी पाणी भरायला हवं होतं. पण त्यांच्या घरचं पाणी आधी. आमची दहा लिटर सहा वाजता भरली तरी चालणार होती, वाट सपाट होती आणि विहिरीला कठडा होता. बायको तिथे जाऊन बसली, एका मावशींना पोहरा ओढायला हात लावला, आणि परत आली ती रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण घेऊन.

मग मधल्या वेळात काय केलं? पाय. अण्णांनी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि बूट-मोजे काढायला लावले. भाच्याचा कालचा भिजलेला बूट वाळलाच नव्हता. दिवसभर ओल्या मोज्यात चालून टाचेची कातडी पांढरी पडली होती आणि एका ठिकाणी फोड धरायला लागला होता. पाय धुऊन, कोरडे करून, उन्हात अर्धा तास तसेच ठेवले, फोडावर चिकटपट्टी. बुटाच्या आतलं तळपान बाहेर काढून वाळत टाकलं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. ऊन असेपर्यंतच करण्यासारखं हे काम होतं. काल कुणी सांगितलं असतं तर पोचल्याबरोबर पाय बघणं हे मला चैनीचं वाटलं असतं. पण उद्या सर्वांत लांबची चाल होती, आणि ज्याचा पाय गेला त्याच्यासाठी सगळ्यांचाच ट्रेक संपतो.

रात्री मावशींच्या घरी नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाची चटणी. चुलीपुढच्या त्या उबेतून उठून तंबूत जायला नको वाटत होतं. आजोबा दारातून आभाळाकडे बघत म्हणाले, "वारं फिरलंय. उद्या पाऊस टाकंल असं वाटतंय."

डिसेंबरात? पण अरबी समुद्रात काही शिजलं की आपल्याकडे मार्गशीर्षातही अवकाळी येतो.

तिसरा दिवस : पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड

सातला निघालो. कुमशेतहून पेठेची वाडी, मग मुळा नदीचं पात्र. पोटरीभर पाणी, बूट हातात घेऊन ओलांडलं. पाचनईत पोचायला साडेबारा झाले. आभाळ करड्या रंगाचं, पण पाऊस नाही. भाकरीची शिदोरी खाल्ली, वनखात्याच्या चौकीवर नावं लिहिली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आम्ही जाळ करत नाही, झाडाची काडी तोडत नाही, स्वयंपाक गॅसच्या छोट्या स्टोव्हवर.

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांत सोपी. मधे एका प्रचंड कातळकड्याच्या पोटातून ती जाते. वरचा कडा छतासारखा पुढे आलेला, त्याखालून चालताना पाऊस लागत नाही. तिथेच भुरभुर सुरू झाली. छताखाली थांबून बाकीच्यांनी रेनकोट चढवले. भाचीकडे पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट होता. तो तिनं स्वतःवर न घालता सॅकवर बांधला, आत स्लीपिंग बॅग होती आणि ती भिजू नये म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि मी पाहिलं नाही. अंगात सुती टी-शर्ट, पातळ जाकीट. चढताना गरम होतं, त्यामुळे तिलाही काही वाटलं नाही.

माथ्यावर चार वाजता पोचलो. मंदिराच्या परिसरात वारा सरळ कोकणाकडून येत होता. पाऊस आता जोर धरत होता. कोकणकड्याजवळ तंबू लावायचा बेत तिथल्या तिथे सोडला. त्या कड्यावर, तोंड पश्चिमेला, असल्या वाऱ्यात तंबू टिकत नाही आणि तिथे जायला अर्धा-पाऊण तास लागला असता तो वेगळाच.

माझ्या डोक्यात हिशोब तयार होता. पाऊस आहे, उजेड दीड तास आहे, तंबू आधी. सॅकमधून तंबूचं बाहेरचं कापड काढून मी जागा शोधायला निघालो. दहा पावलं गेलो असेन, मागून बायकोचा आवाज आला.

"अरे, आधी हिच्याकडे बघ."

भाची सॅकचा छातीवरचा पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होती. बक्कल तिला दाबता येत नव्हतं. बोटं वाकतच नव्हती. अंग थडथड उडत होतं. मी विचारलं, "थंडी वाजतेय का गं?" तर तिनं उत्तर दिलं, पण शब्द तोंडातच घोटाळले. आता आठवलं की गेला तासभर ती मागे राहत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. दिवसभर बडबड करणारी मुलगी.

मी घाबरलो. तापमान काही गोठवणारं नव्हतं, पंधरा-सोळा अंश असेल. पण भिजलेलं सुती कापड आणि वारा अंगातली ऊब भराभर ओढून घेतात. चालताना स्नायू ती भरून काढतात. माणूस थांबला की भरणं थांबतं, ओढणं चालूच राहतं. म्हणून असं आजारपण बहुतेक मुक्कामाला पोचल्यावरच गाठतं. हुडहुडी, मग बोटं न चालणं, मग बोलणं अडखळणं. आणि थंडी असूनही हुडहुडी थांबली तर समजायचं की प्रकरण हाताबाहेर चाललं. ती अजून थरथरत होती, एवढाच धीर.

तंबू उभा व्हायला या वाऱ्यात वीस मिनिटं लागली असती. तेवढा वेळ तिला उघड्यावर ठेवणं शक्य नव्हतं. गडावर गावकऱ्यांच्या झोपड्या आहेत, पिठलं-भाकरी देतात. शनिवार-रविवार नव्हता, तरी एका झोपडीतून धूर निघत होता. आम्ही काही विचारायच्या आतच तिथल्या ताईंनी तिचा हात धरून आत ओढलं.

बायकोनं तिला कोपऱ्यात नेऊन अंगावरचं सगळं ओलं काढलं, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत. टॉवेलनं नुसतं टिपलं, चोळलं नाही. माझा कोरडा लोकरी स्वेटर, तिच्या स्वतःच्या पँट, कानटोपी. खाली दोन मॅट, कारण थंडी जमिनीतून येते हे लोक विसरतात. आणि तिनं स्वतःला भिजवून जपलेली ती कोरडी स्लीपिंग बॅग तिच्याच अंगाभोवती. मग ताईंनी चुलीवरून गरम पाणी उतरवलं, त्यात गुळाचा मोठा खडा, आलं, चिमूटभर चहा. पेला धरवेना, म्हणून बायकोनं घोट घोट पाजला.

परवा रतनगडावर चहा आधी केला ती माझी चूक होती. आज तोच चहा सगळ्यात आधी हवा होता, आणि त्याच्याही आधी कोरडे कपडे. हे मी तिथे झोपडीच्या दारात उभा राहून बघत होतो आणि हातातल्या तंबूच्या कापडातून पाणी टपकत होतं.

पंचवीस मिनिटांनी तिचे दात वाजायचे थांबले, पण गाल गरम झाल्यावर. पहिलं वाक्य बोलली : "मामा, तंबू लावला का?"

तोपर्यंत अण्णा आणि भाचा कामाला लागले होते. अण्णांनी निवडलेली जागा मी निवडली असती तिच्यापेक्षा वीस पावलं वर होती. मी खालच्या मऊ गवतावर बघत होतो. अण्णांनी दाखवलं की तिथलं गवत एकाच दिशेला झोपलंय, म्हणजे पाणी तिथून वाहतं. वरचा तुकडा खडकाळ, पण किंचित उंचवट्याचा. तिथे खुंट्या आत जात नाहीत, चार बोटांवर कातळ लागतो. म्हणून दोर मोठ्या दगडांना बांधले. दगड उचलण्याआधी प्रत्येक दगड काठीनं उलटवून बघायचा. तिसऱ्याच दगडाखाली विंचू निघाला. त्याला काठीनं दूर सारलं आणि दगड परत जागी ठेवला. त्याचं घर ते.

पावसात तंबू लावताना बाहेरचं कापड आधी उभं करावं आणि आतला भाग त्याच्या आडोशाला टांगावा. आमच्या मोठ्या तंबूला तशी सोय आहे, छोट्याला नाही. छोट्याचा आतला भाग आधी उभा करावा लागतो. म्हणून भाचा आणि मी बाहेरचं कापड हातांनी चारी कोपऱ्यांत ताणून धरलं आणि अण्णा त्याखाली रांगत काठ्या घालत गेले. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा. दार वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे पूर्वेला. दोन्ही तंबू उभे झाले तेव्हा सव्वासहा वाजले होते आणि शेवटचे दोर टॉर्चच्या उजेडात बांधले. टॉर्च मात्र सगळ्यांच्या गळ्यात दुपारपासून होते.

आणि पाणी? पहिल्या दिवशी जे पहिलं हवं होतं ते आज सर्वांत शेवटी आलं, आणि त्यासाठी कुठे जावंही लागलं नाही. भाच्यानं तंबूच्या कडेखाली जिथून धार पडत होती तिथे पातेली मांडली. पहिलं पातेलं कापडाच्या धुळीसकट ओतून टाकलं, मग तासाभरात सहा लिटर. उकळून घेतलं. स्टोव्ह तंबूत पेटवला नाही, कितीही पाऊस असला तरी बंद तंबूत ज्योत लावायची नाही. त्या जळण्यातून येणारा वायू वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. झोपडीच्या पुढच्या छपराखाली शिजवलं.

भाची रात्री पिठलं-भाकरी खाऊन बायको आणि माझ्या मधे झोपली. मी दोनदा उठून तिच्या हाताला हात लावून बघितला. मध्यरात्रीनंतर वारा वाढला, छोट्या तंबूचा एक दगड सरकला आणि कापड फडफडायला लागलं. अण्णा अंधारात बाहेर जाऊन तो परत बांधून आले. पहाटे पाऊस थांबला.

चौथा दिवस : खिरेश्वर

सकाळी लख्ख. तारामती शिखराच्या माथ्यावर ऊन आणि खाली दऱ्यांत ढग बसलेले. भाची सगळ्यांआधी उठून पुष्करिणीकडे गेली होती. मी तिला शोधत गेलो तर ती केदारेश्वराच्या गुहेच्या तोंडाशी उभी होती. मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं थंडगार पाणी, चार खांबांपैकी शाबूत उरलेला एक. लोक त्या पाण्यातून लिंगाला प्रदक्षिणा घालतात. तिनं विचारलं, "जाऊ?" मी नाही म्हणालो. तीही हसली नाही, हट्टही धरला नाही.

चांगदेवांनी याच गडावर तप करून 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला. मंदिराच्या परिसरात त्याचा उल्लेख असलेले शिलालेख आहेत. अण्णांना ते दर वेळी बघायचे असतात. ते त्यात रमले तेवढ्या वेळात आम्ही तिघे कोकणकड्यावर जाऊन आलो. खालून ढग वर चढत होते. कड्याच्या काठापासून आडवे झोपून फक्त डोकं पुढे काढलं. कालच्या बेताप्रमाणे तंबू जिथे लागले असते ती जागा बघितली. एका बाजूला पाण्याचं तळं साचलं होतं.

निघताना आवरण्याचा क्रम बायकोनं ठरवला. आतले कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅगा तंबूच्या आतच भरायच्या, मग आतला भाग, मग बाहेरचं ओलं कापड सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या पिशवीत. कचऱ्याची पिशवी भाच्याच्या सॅकला. झोपडीतल्या ताईंना जेवणाचे पैसे दिले, ते त्यांनी घेतले. गुळाच्या पाण्याचे घेतले नाहीत.

खिरेश्वरची वाट लांब आणि टेकड्यांची. ओल्या कातळावर रेलिंगला धरून तोलारखिंडीत उतरलो, तिथलं वाघाचं शिल्प बघितलं, आणि दुपारी पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागलं. खिरेश्वरला जीप पाऊण तास उशिरा येणार असा निरोप मिळाला.

मी सॅक टाकून झाडाच्या सावलीत बसलो. भाच्यानं चहाचं विचारलं. भाचीनं ओल्या कापडांची पिशवी उघडली, ऊन अजून दीड-दोन तास टिकेल असं बघितलं, आणि दोन्ही तंबूंची कापडं शेजारच्या दगडी गडग्यावर पसरली. पसरण्याआधी घराच्या दारात उभ्या असलेल्या आजींना विचारून आली. जीप आली तेव्हा मोठ्याचं कापड खडखडीत वाळलं होतं. छोट्याची शिवण अजून ओलसर होती, म्हणून ते तिनं बाहेरच ठेवलं, मांडीवर घेऊन बसली.